मदत हवी आहे : मुलगा जगवला, पण आता युद्धच पेटत नाही

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:४०)
घाईत लिहितोय. 'असं झालं असतं तर' प्रकारातली कथा शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. मुलगा मरत नाही असं धरलंय. पुढं १७०० मध्ये म्हातारा राजा जातो, मुलगा गादीवर येतो आणि सगळे खूश. इथंच गाडी अडकली. दुसऱ्या भागात मला युद्ध हवंच आहे, पण तो जिवंत असेल तर लढायला कुणाकडं कारणच उरत नाही. कोण लढेल आणि का? कृपया 'कथा बदला' असं सांगू नका, आठ हजार शब्द लिहून झालेत.

जुनी_वही (११:५२)
कोणता मुलगा? कोणता राजा? त्या दोन वर्षांत युरोपात गादीचे दोन पोरगे गेले. इंग्लंडच्या ॲनचा मुलगा, ग्लॉस्टरचा ड्यूक, जुलै १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. त्यामुळंच १७०१ चा वारसा कायदा करून हॅनोव्हरवाल्यांना आणावं लागलं. तो जगवलात की दुसरा?

कोकणी_बाणा (मंगळवार, सकाळी ७:१०)
दोन्ही सोडा. खरी कथा ब्रगँझाच्या कॅथरीनची, म्हणजे पोर्तुगालच्या राजकन्येची. १६६१ चा करार, १६६२ ला इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न, आंदणात टँजियर आणि आपली मुंबई. तिला मूल झालंच नाही. झालं असतं तर चार्ल्सचा भाऊ जेम्स गादीवर आलाच नसता, १६८८ ची क्रांती नाही, ऑरेंजचा विल्यम हॉलंडमध्येच राहिला असता. स्पेन तर या लग्नावर जळतच होता, ब्रगँझा घराणं त्यांच्या लेखी १६४० चे बंडखोर. यावर लिहा, वाचकही मिळतील.

सुभेदार_पेन्शनर (७:३४)
मुंबई आंदणात दिली हे अर्धसत्य. बेटं हातात यायला १६६५ उजाडलं. साष्टी-वसई पोर्तुगीजांनी दिलीच नाही, ती १७३७-३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. आणि राजानं मुंबई १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. एवढी किंमत होती आंदणाची.

कोकणी_बाणा (७:४१)
मी साष्टी दिली असं म्हटलंय का कुठं?

रात्रपाळी (९:०५)
अहो स्पेन! १७०० म्हटल्यावर दुसरं काय असणार? राजा कार्लोस दुसरा आणि मुलगा योझेफ फर्डिनांड. कार्लोसचा मुलगा नाही, बव्हेरियाचा; कार्लोसला मूल नव्हतं म्हणून हा वारस. खऱ्या इतिहासात तो गेला आणि पुढं स्पेनच्या गादीवरून युद्ध पेटलं. हे सांगायला हवं असं वाटलंच नाही. आता तरी उत्तर द्या.

शुद्धलेखन_खुंटी (९:२०)
१) 'म्हातारा' राजा गेला तेव्हा एकोणचाळीसही पूर्ण नव्हता. २) कथा माद्रिदमध्ये घडते तर 'होसे फर्नांदो' लिहा, म्युनिकमध्ये घडत असेल तरच 'योझेफ'. 'जोसेफ' लिहून इंग्रजांची री ओढू नका.

रात्रपाळी (९:२२)
मी जोसेफ लिहिलेलंच नाही.

जुनी_वही (१:१५)
आता कळलं. हा पोरगा ६ फेब्रुवारी १६९९ ला ब्रसेल्सला गेला, सहा वर्षांचा असताना. तुम्ही जगवलात तर कार्लोस गेला त्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबर १७०० ला, तो बरोबर आठ वर्षं चार दिवसांचा असेल. मग पहिला प्रश्न असा : त्याला गादीवर बसवलंत ते कराराप्रमाणं की मृत्युपत्राप्रमाणं?

रात्रपाळी (१:३०)
काय फरक पडतो? दोन्हींत नाव त्याचंच आहे.

जुनी_वही (२:१०)
तुमचं युद्ध तिथंच दडलंय राव. ऑक्टोबर १६९८ चा हेगचा करार केला फ्रान्सचा लुई चौदावा आणि इंग्लंड-हॉलंडचा विल्यम तिसरा यांनी. स्पेनला न विचारता. त्यात पोराला स्पेन, अमेरिकेतला मुलूख, नेदरलँड्सचा स्पॅनिश भाग आणि सार्डिनिया. नेपल्स, सिसिली, टस्कनीच्या किनाऱ्यावरची ठाणी आणि वर स्पेनमधला गिपुस्कोआ प्रांत फ्रान्सच्या युवराजाला. मिलान व्हिएन्नाच्या सम्राटाच्या धाकट्या मुलाला, आर्चड्यूक चार्ल्सला. घरमालक अजून श्वास घेतोय आणि शेजारी खोल्या वाटून घेतायत. हे कळल्यावर कार्लोस भडकला आणि नोव्हेंबरमध्ये त्यानं मृत्युपत्र केलं : सगळं पोरालाच, इंचभरही वाटणी नाही.
म्हणजे पोरगा एक, कागद दोन. माद्रिद म्हणणार मृत्युपत्र, पॅरिस म्हणणार करार. नेपल्सच्या किल्ल्याच्या किल्ल्या फ्रेंचांच्या हातात कोण देणार? स्पेनचा व्हाइसरॉय? मेला तरी देणार नाही.

सुभेदार_पेन्शनर (२:४५)
लुई सही पाळेल हे गृहीतकच विनोदी. १६५९ च्या पिरिनीजच्या तहात त्याच्या बायकोनं, मारिया तेरेसानं, स्पेनवरचा हक्क सोडला. बदल्यात पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा. स्पेननं हुंडा दिला नाही, मग लुई म्हणाला हक्कही सुटला नाही. १६६७ मध्ये त्याच्या जोरावर नेदरलँड्सवर फौज घातली. हुंड्याच्या थकबाकीवर युद्ध करणारा जावई! हा गप्प बसेल?

जुनी_वही (३:०५)
१६६७ चा लुई एकोणतीस वर्षांचा होता. १६९८ चा साठीचा. मध्ये नऊ वर्षांची लढाई झाली, १६९३-९४ चा दुष्काळ झाला. १६९७ ला रिस्विकच्या तहात त्यानं लक्झेंबर्ग आणि बार्सिलोना परत केलं. थकलेला माणूस होता. माझ्या मते त्याला नेपल्स दिलं असतं तर तो शांत राहिला असता.

सुभेदार_पेन्शनर (३:०९)
'दिलं असतं तर.' तुम्हीच वर म्हणालात व्हाइसरॉय देणार नाही.

मावळतीचा_वारा (४:००)
युरोप कशाला? त्याच १७०० साली, मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज दिली, शाहू महाराज मोगलांच्या कैदेत. अल्पवयीन राजा, आई कारभारी, दुसरा वारस शत्रूच्या छावणीत. एवढा मसाला घरात असताना माद्रिदला कशाला जायचं?

रात्रपाळी (४:२०)
कारण कथा माद्रिदची आहे.

ताक_आणि_तूप (६:३०)
दिवाळी अंकवाले मानधन देतात का हो हल्ली? गेल्या वर्षी मला दोन प्रती मिळाल्या, त्यातली एक भिजलेली.

आत्याबाई (रात्री ९:१५)
सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे करारांत अडकलात, नाती कुणी लावलीच नाहीत. लग्न ठरवताना आम्ही आधी नाती बघतो, म्हणून मांडते.
स्पेनचा फिलिप चौथा आणि फ्रान्सचा तेरावा लुई यांचं साटंलोटं. १६१५ ला बिदासोआ नदीवर एक पोर इकडून तिकडं, एक तिकडून इकडं. फिलिपची पहिली बायको लुईची बहीण, लुईची बायको फिलिपची बहीण. म्हणून मारिया तेरेसा ही चौदाव्या लुईची आतेबहीणही आणि मामेबहीणही. मग फिलिपनं दुसरी बायको केली मारियाना, सख्ख्या बहिणीची लेक. मामानं भाची केली. त्यांची मुलं मार्गारिता आणि हा कार्लोस. मार्गारिताला दिली व्हिएन्नाच्या सम्राट लिओपोल्डला, म्हणजे मारियानाच्या सख्ख्या भावाला. परत मामा-भाची. लग्नानंतरही ती नवऱ्याला मामाच म्हणायची. वेलाझ्केझच्या १६५६ च्या त्या मोठ्या चित्रात मधोमध उभी आहे ती पोर हीच. पाच वर्षांची, घेरदार झगा, आणि एक सखी गुडघ्यावर बसून तबकातून लाल मातीचं इवलंसं भांडं तिच्यापुढं धरतेय. एकविसाव्या वर्षी गेली बिचारी. मागं जगलेली एकच मुलगी, मारिया आंतोनिया. ती दिली बव्हेरियाच्या माक्स इमानुएलला, आणि तिचा मुलगा हा तुमचा योझेफ.
आता सांगा, मिलानसाठी भांडणारा सम्राट लिओपोल्ड या पोराचा कोण?

शुद्धलेखन_खुंटी (९:३१)
सख्खा आजोबा!!

जुनी_वही (९:३३)
आणि आर्चड्यूक चार्ल्स सावत्र मामा. वय वर्षं पंधरा. धागाकर्ते, हे तुम्हाला माहीत होतं?

रात्रपाळी (९:५०)
हो, आजोबा आहे हे माहीत आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय. इथं सांगायचं राहिलं.

सुभेदार_पेन्शनर (९:५२)
काय राहिलं म्हणे! दुपारपासून आम्ही लुईवर भांडतोय!

आत्याबाई (१०:२०)
असू दे हो, घाईत होतं असं. पुढचं ऐका. लिओपोल्डनं स्वतःच्या लेकीकडून १६८५ मध्ये लग्नाच्या वेळी लिहून घेतलं की स्पेनवर माझा हक्क नाही. का? तर आपल्या पुढच्या मुलांना मिळावा म्हणून. माद्रिदनं तो कागद कधीच मानला नाही. लेक नवऱ्याला सोडून माहेरी व्हिएन्नाला आली, ऑक्टोबर १६९२ मध्ये तिथंच बाळंत झाली आणि नाताळच्या आदल्या दिवशी गेली. म्हणजे नातू जन्मला आजोबांच्याच गावात, आणि आजोबांच्या कपाटात त्याला बेदखल करणारा कागद, आईच्या सहीचा.
तुम्हाला युद्धाचं कारण हवंय ना? लुईला बाजूला ठेवा. हा कागद बाहेर काढा.
माद्रिदमध्ये तर सासू-सुनेचंच चाललेलं. सासू मारियाना पोराची पणजी, तिचा कौल पणतूला. सून, म्हणजे कार्लोसची दुसरी राणी, ही आर्चड्यूक चार्ल्सची सख्खी मावशी, ती बहिणीच्या मुलासाठी झटणारी. १६९६ ला सासू गेली, सून राहिली. आठ वर्षांचा राजा त्या राणीच्या महालात येऊन पडेल, तेव्हा त्याच्या ताटातलं आधी कोण चाखून बघणार?

कोकणी_बाणा (१०:४१)
कंसमामाची गोष्टच झाली की ही.

जुनी_वही (११:०५)
आत्याबाईंना साष्टांग. यात एक भर. हेगच्या करारात गुप्त कलम होतं : पोरगा निपुत्रिक गेला तर वारस त्याचा बाप, माक्स इमानुएल. तोच ब्रसेल्सला नेदरलँड्सचा गव्हर्नर. खऱ्या इतिहासात पोर देवीनं गेलं असं बहुतेक म्हणतात, पण विषाची अफवा लगेच उठली आणि बापाचा रोख व्हिएन्नावर होता. तुमच्या कथेत पोरगा जिवंत आहे, पण तो मेला तर बापाला राज्य आणि मामाला संधी. त्याच्या प्रत्येक तापाला छावण्या हलणार.
लढाई मात्र इटलीत सुरू करा. खरी लढाईसुद्धा १७०१ च्या उन्हाळ्यात तिथंच सुरू झाली, सम्राटाचा सेनापती राजपुत्र यूजीन आल्प्स उतरून मिलानच्या दिशेनं आला. तुमच्याकडंही मिलान करारानं आर्चड्यूकचं, मृत्युपत्रानं पोराचं. एक वाक्य न बदलता यूजीनला उतरवता येईल.

सुभेदार_पेन्शनर (११:२०)
आणि बव्हेरिया? खऱ्या युद्धात माक्स इमानुएल फ्रान्सकडून लढला आणि १७०४ ला ब्लेनहाइमच्या लढाईनंतर सगळं घालवून बसला. इथं तो स्पेनच्या राजाचा बाप. इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स तिघंही एका बाजूला आणि व्हिएन्ना एकटं पडेल. लुई आणि विल्यम एका तंबूत! हे कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

जुनी_वही (११:२४)
म्हणजे लुईनं सही पाळली हे मान्य?

सुभेदार_पेन्शनर (११:२५)
कथेत पाळू दे. मी कथेबद्दल बोलतोय.

रात्रपाळी (बुधवार, पहाटे २:१५)
दुसरा भाग मोडला, परत लिहितोय. सुरुवात व्हिएन्नापासून. लिओपोल्ड दिवा जवळ ओढतो, लेकीची सही बोटानं चाचपतो, कागद कारकुनाला नकलेसाठी देतो आणि विचारतो, पोराला नक्की कितवं लागलं. कारकून सांगतो, नववं. लुईची फक्त पत्रं येतील. आत्याबाई, सासू-सून पूर्ण घेतोय. एकच अडचण : आठ वर्षांच्या राजाच्या नावानं कारभार कोण बघतं, आणि किती वर्षं?

जुनी_वही (सकाळी ६:५०)
कार्लोस स्वतः १६६५ मध्ये चार वर्षांचाही नव्हता. आई मारियाना कारभारी होती, १६७५ ला तो चौदाचा होईपर्यंत. तोच नियम धरा, म्हणजे १७०६ पर्यंत. तुमच्या पोराला आई नाही, तेव्हा बापच. आणि बाप परका, जर्मन, कर्जबाजारी. माद्रिदचे सरदार त्याला किती दिवस सहन करतील ते तुम्ही ठरवा.

ताक_आणि_तूप (७:१५)
मानधनाचं कुणी सांगितलंच नाही.

शुद्धलेखन_खुंटी (७:४०)
'कारभारी' नको, 'रीजंट' लिहा.

आत्याबाई (७:४४)
कारभारीच लिहा.