स्विफ्ट डिझेल रीमॅप करावी का? ७५ ची खरंच १०० होते का?

सातारकर_व्हीडीआय

माझी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेत. पहिल्यापासून मीच चालवतो, सर्व्हिस कधी चुकवली नाही. आठवड्यातून दोनदा तरी पुणे-सातारा असतं.

पुण्यात एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करून घ्या, ७५ पीएसची (पीएस म्हणजे ताकद, हॉर्सपॉवरसारखी) १०० होईल, टॉर्क म्हणजे ओढ १९० न्यूटन मीटरची २४० होईल, वर अ‍ॅव्हरेजही दोनानं वाढेल. बावीस हजार घेणार, काम दीड तासाचं. गाडी खोलायची नाही, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावायची आणि लॅपटॉपवरून फाइल टाकायची, एवढंच.

मला रेस लावायची नाही. पण परवा पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला पुढं उसाचा ट्रक होता. गाडीत आई, बायको, दोन मुलं आणि डिकी भरलेली. ओव्हरटेकला बाहेर काढली आणि गाडीनं दमच धरला नाही. तिसरा टाकला तरी रेंगाळली, मागून बस हॉर्न देत आली, शेवटी परत ट्रकच्या मागं घ्यावी लागली. आई काही बोलली नाही, पण तिनं वरचं हँडल धरलेलं मी आरशात पाहिलं. पूर्वी हाच चढ ही गाडी चौथ्यात चढायची. आता वय झालं असेल, म्हणून रीमॅपचा विचार करतोय.

कुणी केलंय का? इंजिनला धोका किती? खरा अनुभव सांगा.

नाशिक_१२४८

मी केलं होतं, याच इंजिनाच्या याच गाडीवर, ९० हजार किलोमीटरला. जे झालं ते सांगतो.

पहिले तीन महिने गाडी बदलून गेली असंच वाटलं. कसारा घाटात चौथ्यात २००० आरपीएमला पाय दिला की मागून कुणी ढकलल्यासारखी निघायची. नंतर एकदा इगतपुरीच्या पुढं ओव्हरटेक करताना काटा २२०० वरून झपकन ३००० वर गेला, पण वेग तेवढाच. आधी वाटलं गिअर निसटला. मग काचा बंद असतानाही जळका वास आत आला. क्लच घसरत होता. जुनी प्लेट १९० न्यूटन मीटरला पुरत होती, वाढलेल्या टॉर्कपुढं तिनं हात टेकले. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून रीमॅपइतकाच खर्च पुन्हा आला.

दुसरं म्हणजे मी मूळ फाइल मागून घेतली नव्हती. पुढं इंजिन चेकचा दिवा लागला तेव्हा जुन्यावर परत न्यायला म्हटलं, तर तो म्हणाला ती ठेवली नाही. त्यामुळं पैसे देण्याआधी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हातात घ्या.

अ‍ॅव्हरेज माझं वाढलं नाही. हलक्या पायानं चालवलं तर जेवढं आधी तेवढंच.

नोजलकाका_कराड

सातारकर, तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, ती मी तीनदा वाचली. पूर्वी हाच चढ चौथ्यात चढायची. अहो, मग तुमच्या गाडीला आज ७५ तरी आहेत का? ते बघितल्याशिवाय १०० च्या गोष्टी करू नका. वय झालं म्हणून डिझेल इंजिन असं बसत नाही. कुठंतरी काहीतरी गळतंय, तुंबलंय किंवा खोटं वाचतंय.

मी बावीस वर्षं डिझेल पंप आणि डिझेल फवारणाऱ्या नोजलचं काम करतो. पूर्वी जीपवाले यायचे, पंप टेस्ट बेंचवर असला की म्हणायचे, काका, जरा डिझेल वाढवून द्या. तेव्हा पंपाला स्क्रू होता. अर्धा आटा फिरवला की गाडी ओढायची, आणि मागून काळा धूरही सोडायची. आता स्क्रूच्या जागी तक्ता आला. ईसीयूच्या आत असे शेकडो तक्ते असतात. आडव्या रांगेत आरपीएम, उभ्या रांगेत पेडल किती दाबलं ते, आणि प्रत्येक खान्यात एक आकडा. हवेचा दाब किती, नोजलांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये डिझेलचा दाब किती, नोजल किती मायक्रोसेकंद उघडं ठेवायचं, धूर होऊ नये म्हणून डिझेल कुठं थांबवायचं, प्रत्येकाचा वेगळा तक्ता. रीमॅप म्हणजे या खान्यांतले आकडे बदलून फाइल पुन्हा आत भरणं. त्यात जादू नाही आणि चोरीही नाही. करणारा शहाणा हवा.

आता तुमच्या इंजिनाचा हिशोब मांडतो. १२४८ सीसी, ४००० ला ७५ पीएस, २००० ला १९० न्यूटन मीटर. टॉर्कला आरपीएमनं गुणून ७०२३ नं भागलं की पीएस येतात. म्हणजे २००० ला तुमची गाडी देते ५४, आणि ४००० ला ७५ देताना टॉर्क उरतो १३२ च्या आसपास. गॅरेजवाला जे १०० सांगतो ते ४००० वरचे. खंबाटकीत तुम्ही ४००० ला असता का? तुम्ही असता १८०० ते २६०० मध्ये. तिथं २३० न्यूटन मीटर मिळाले तर ६५ होतात. अकराचा फरक. अकराही कमी नाहीत, पाठीला चांगले जाणवतात. पण बावीस हजार कशाचे देताय ते कळावं म्हणून सांगितलं.

हे अकरा येतात कुठून तेही बघा. २००० ला पूर्ण पेडलवर हे इंजिन ढोबळमानानं दर स्ट्रोकला ३६ मिलिग्रॅम डिझेल घेतं. २३० हवे तर ४४ च्या आसपास लागणार. तक्त्यात ३६ खोडून ४४ लिहायला दोन सेकंद लागतात. पण धूर न करता डिझेल जाळायचं तर वजनाच्या अठरापट हवा लागते. ३६ ला साधारण ६५० मिलिग्रॅम, ४४ ला ७९० च्या पुढं. ही जादाची हवा लॅपटॉप देत नाही, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा टर्बो देतो. ७५ वाल्या इंजिनाला बसवलेला टर्बो लहान आहे, त्यात एक्झॉस्टचा झोत गरजेप्रमाणं वळवणारी हलती पाती नाहीत. ज्या टर्बोचा वेस्टगेट, म्हणजे जादा झोत बाजूनं सोडून देणारी झडप, नुसत्या स्प्रिंगवर उघडतो, तिथं सॉफ्टवेअरनं हवा वाढवताच येत नाही. मग काय होतं? डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते, काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या तोंडाशी ८०० अंशांच्या पुढं गाडी घाटात पाच-पाच मिनिटं राहिली तर आधी टर्बो जातो, मग पिस्टन.

कंपनीचंच उदाहरण घ्या. याच १२४८ सीसी इंजिनाचं ९० पीएसचं रूप सियाझ, एर्टिगा, ब्रेझामध्ये आलं. आपल्या रांजणगावला फियाट आणि टाटांसाठी हेच इंजिन बनायचं, टाटा झेस्टच्या वरच्या मॉडेलांनाही ९० वालं होतं. ७५ ची ९० करताना कंपनीनं नुसती फाइल बदलली नाही. हलत्या पात्यांचा टर्बो बसवला. एवढं करून टॉर्क किती वाढवला? १९० चा २००. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी दहा वाढवले आणि हा गडी दीड तासात पन्नास वाढवतो म्हणतो. कंपनी राखून ठेवते हे खरं आहे. भेसळीचं डिझेल, राजस्थानातला उन्हाळा, सर्व्हिस चुकवणारा मालक, सगळ्यांना पुरेल इतकं राखून ठेवते. त्यातलं थोडं काढून घेता येतं. सगळं काढून घ्यायचं नाही.

काही जण तर डिझेलच्या तक्त्याला हातही लावत नाहीत. फक्त पेडलचा तक्ता बदलतात, म्हणजे तुम्ही ३० टक्के दाबलं की इंजिनाला ६० सांगायचं. गाडी चपळ वाटते, पण पूर्ण दाबल्यावर पहिली होती तेवढीच. म्हणून गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच दिवशी, एकाच मशीनवर काढून मागा. आधीचा काढायला नको म्हणणाऱ्याकडं काम देऊ नका.

आता तुम्ही करायचं काम. साधा स्कॅनर घ्या, ब्लूटूथचा असला तरी चालेल. इंजिन बंद, चावी फक्त ऑन, आणि मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, वाचा. साताऱ्याच्या उंचीला ९२०-९३० मिलीबार दिसले पाहिजेत, समुद्रसपाटीला १०१० च्या घरात असतात. तसे आले तर सेन्सर खरं बोलतोय. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात १८०० पासून पूर्ण पेडल ३००० पर्यंत, आणि शेजारी बसलेल्याला आकडा टिपायला सांगा. चालवता चालवता स्वतः बघू नका. दाब २००० मिलीबारच्या वर जायला हवा. नाही गेला तर इथं लिहा.

पीयूसी_आणि_पॉलिसी

इंजिनाचं काका बघतीलच, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फाइल रस्त्यावरच्या पोलिसाला दिसत नाही हे मान्य. पण काळा धूर दिसतो, आणि बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२ आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल निघाला, तर क्लेम अडकू शकतो. घरची चार माणसं घेऊन फिरता, तेव्हा हे आधी विचारात घ्या.

आणि रीमॅपबरोबर ईजीआर, म्हणजे प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप, फुकट बंद करून देतो म्हणणारे भेटतील. करू नका. तो धूर आपल्याच गावात राहतो.

सातारकर_व्हीडीआय

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं.

चावी ऑन, इंजिन बंद: ९२६. म्हणजे सेन्सर बरोबर. मग रविवारी सकाळी मेव्हण्याला शेजारी बसवून वाढे फाट्याच्या पुढं तिसऱ्यात पूर्ण दाबली. मेव्हणा मोठ्यानं आकडे वाचत होता, १३००, १४५०, १६००, १६२०, १६२०. तिथंच अडकला, ३००० पर्यंत पुढं सरकला नाही. आरशात बघितलं तर मागं काळा ढग. एवढा धूर माझी गाडी सोडते हे मला आजवर कळलंच नव्हतं, कारण मागं बघतो कोण.

घरी आल्यावर बॉनेट उघडून बसलो. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनाकडं जाणारी जी जाड रबरी नळी आहे, तिच्या खालच्या टोकाला क्लॅम्पच्या अलीकडं तेलकट चिखल जमला होता. वरून नळी धडधाकट दिसते. कापडानं पुसून खालून बोट फिरवलं तर नख आत गेलं. उभी चीर, अडीच-तीन सेंटीमीटरची. हातानं नळी वाकवली की ओठासारखी उघडते, सोडली की मिटते. म्हणून उभ्या गाडीत आवाजही येत नव्हता.

गेल्या दोन सर्व्हिसना मी पिकप कमी झालाय असं सांगितलं होतं. दोन्ही वेळा एअर फिल्टर बदलून दिला आणि वयाचं कारण सांगितलं. याचं मला खरंच वाईट वाटतंय. आई गाडीत असताना मी त्या ट्रकच्या शेजारी अडकलो होतो.

नळी आणि दोन क्लॅम्प मिळून अठराशे रुपये, मी आणि मेव्हण्यानंच बसवली. पुन्हा तोच रस्ता, तोच तिसरा गिअर: २१४०. काल पुण्याहून येताना खंबाटकी चौथ्यात चढलो. एकटाच होतो, भरलेल्या गाडीनं अजून बघायचंय.

आता विचारतो, या अवस्थेत हलकं रीमॅप केलं तर? २१० पर्यंतचं?

नोजलकाका_कराड

शाबास. चीर नळीच्या खालच्या बाजूला होती, वरवर बघणाऱ्याला ती सापडतच नाही. तेलकट चिखल ही हिची खूण. टर्बोतून थोडं तेल हवेबरोबर येतंच, ते चिरेतून बाहेर पडतं आणि त्यावर धूळ बसते. आणि हवा मोजणारा सेन्सर या नळीच्या आधी आहे. तो ईसीयूला सांगायचा हवा भरपूर आली, ईसीयू तेवढं डिझेल द्यायचा आणि हवा मध्येच पळून जायची. म्हणून तो काळा ढग. या अवस्थेत जर त्या गड्यानं फाइल टाकली असती, तर डिझेल अजून वाढलं असतं.

२१० चं विचारलंत. क्लच पहिलाच आहे ना? १ लाख ३२ हजारवर मी तरी त्याच्यावर एक न्यूटन मीटरही वाढवणार नाही. क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा फोर्क आणि बेअरिंगसकट पूर्ण सेट टाका, चारही नोजल बेंचवर लावून त्यांचं रिटर्न, म्हणजे न फवारता परत जाणारं डिझेल मोजून घ्या, आणि तेव्हा तुम्हाला अजूनही गाडी कमी पडते असं वाटलं तर बोलू. वरचा कागदपत्राचा सल्लाही विसरू नका, विम्याला कळवल्याशिवाय काही करायचं नाही. मला विचाराल तर तोवर भरल्या गाडीनं चढाला एसी बंद करा आणि तिसरा आधीच टाकून ठेवा, ओव्हरटेकला बाहेर काढल्यावर नाही.

सध्या एकच काम. नवी नळी गरम-थंड होऊन बसते, क्लॅम्प सैल पडतो. पाचशे किलोमीटरनी, इंजिन गार असताना, दोन्ही क्लॅम्प पाऊण-पाऊण आटा आवळा. त्याहून जास्त नको, नाहीतर नळी क्लॅम्पच्या कडेनंच पुन्हा कापेल.