‘सुप्तावस्था’ की ‘लक्षणहीन काळ’?

प्रश्न : एचआयव्हीच्या संसर्गाच्या मधल्या टप्प्याला मराठी लेखनात पुष्कळदा ‘सुप्तावस्था’ म्हटलेले आढळते. हा शब्द योग्य आहे का? तसेच ‘एचआयव्ही’ आणि ‘एड्स’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्या संसर्गाची, उपचार न झाल्यास येणारी, शेवटची अवस्था आहे. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे साधारणतः ५०० ते १५०० सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या, एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो अशा पांढऱ्या पेशी) असतात; ही संख्या २००च्या खाली गेली किंवा ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा जडला, तरच एड्स म्हणतात. त्यामुळे ‘एड्सची लागण’ हा रूढ प्रयोग टाळावा.

‘सुप्तावस्था’ या शब्दाला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते, मानेतल्या गाठी सुजतात. आठवड्या-दोन आठवड्यांत हे सारे ओसरते आणि फ्लू होऊन गेला असे समजून माणूस ते विसरूनही जातो. पण तेवढ्या अवधीत आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींचा फार मोठा भाग नष्ट झालेला असतो. पुढे उपचारांविना सरासरी आठ-दहा वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहून बरीच कमी किंवा जास्त, ठळक लक्षणे दिसत नाहीत. विषाणू मात्र या काळात रोज अब्जावधींच्या संख्येने तयार होत असतो, सीडी-४ पेशी हळूहळू घटत असतात आणि त्या व्यक्तीकडून इतरांना संसर्गही होऊ शकतो. शरीरात एवढी झीज चालू असताना त्या काळाला ‘सुप्त’ म्हटले, तर वाचणाऱ्याला उपचारांची घाई नाही असे वाटेल, आणि ते घातक आहे. ‘लक्षणहीन काळ’ हाच शब्द मला प्रामाणिक वाटतो.

पुरवणी : वरील मत मान्य आहे, परंतु ‘सुप्त’ हा शब्द पूर्णपणे टाकून देऊ नये. काही दीर्घायुषी स्मृतिपेशींच्या, म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या जंतूंची ओळख जपणाऱ्या प्रतिकारपेशींच्या, जनुकसंचात विषाणूची जनुके मिसळून जातात आणि तिथे ती खरोखरच निद्रिस्त राहतात. औषधे विषाणूची वाढ रोखतात, या साठ्याला हात लावू शकत नाहीत. म्हणून औषधे थांबवल्यावर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. ‘सुप्त साठा’ ही संज्ञा इथे अचूक बसते.

प्रश्न : ‘संधिसाधू आजार’ या प्रयोगात दूषण आहे का?

उत्तर : नाही. निरोगी शरीर एरवी ज्यांना सहज थोपवून धरते आणि प्रतिकारशक्ती खालावताच जे डोके वर काढतात, असे हे आजार होत. क्षयरोग सीडी-४ पेशी बऱ्यापैकी शिल्लक असतानाही होऊ शकतो. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया प्रामुख्याने २००च्या खाली आढळतो, तर सायटोमेगॅलो विषाणूमुळे दृष्टिपटलाला होणारी इजा सहसा ५०च्या खाली.

‘विषाणूमुक्त’ या शब्दाबद्दलही सावध राहावे. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूभार चाचणीत न आढळण्याइतका कमी होतो आणि तो तसाच टिकून असेपर्यंत लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही मोठीच दिलाशाची गोष्ट आहे आणि ती स्पष्ट शब्दांत लिहायलाच हवी. परंतु तिथे ‘विषाणू आढळत नाही’ असे म्हणावे, ‘विषाणू नाही’ असे नव्हे.