मुस्लिम रुग्णाच्या मानसोपचारात दीन (धर्म) आणावा की बाहेर ठेवावा?

कोंढवा समुपदेशन
रुग्णाच्या श्रद्धेत पडू नये, हा समुपदेशनातला जुना दंडक. माझं म्हणणं, वजूच्या (नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्याच्या) ओसीडीत, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, तो पाळला तर उपचार पुढेच सरकत नाही. कोपर कोरडं राहिलं असेल, लघवीचा थेंब कपड्याला लागला असेल, या शंकेपायी माणूस नळाखाली पाऊण तास काढतो आणि फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, वेळ टळते. त्याला "एवढं मनावर घेऊ नका" सांगून काय होणार?

एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपीची (भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही) चौकट तशीच ठेवावी, मर्यादा फिकहमधून (इस्लामी धर्मशास्त्रातून) घ्यावी. आधी आठवडाभर नोंद: प्रत्येक वजूला किती मिनिटं, कुठला अवयव किती वेळा. मग नळ बंद आणि एक लिटरचा मग भरून घ्यायचा. पैगंबर एक मुद्द (जुनं माप) पाण्यात वजू करत असं हदीस (त्यांच्या वचन-आचाराची नोंद) सांगते, तेही लिटरभर किंवा त्याहून कमीच. सुरुवातीला प्रत्येक अवयव तीनदा, नंतर एकदाच. फर्ज (बंधनकारक) एकदाच आहे. शंका आली तरी परत धुवायचं नाही, तिच्यासकट थेट मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर). अस्वस्थता 0 ते 100 मध्ये किती, ते नमाजनंतर लिहायचं. इस्तिंजानंतर (लघवीनंतरच्या शुद्धीनंतर) कपड्यावर पाणी शिंपडून उठायचं, तपासायला वाकायचं नाही. "यकीन (खात्री) शंकेनं जात नाही" हा फिकहचा नियम ईआरपीच्याच दिशेनं नेतो.

विवेकनिष्ठ, सदाशिव पेठ
पायऱ्यांशी भांडण नाही. परवानगी कुणाकडून आणता, याच्याशी आहे. ओसीडी जगतो तो खात्री मागण्यावर. मौलानांनी "तुमचा वजू झाला" म्हटलं की बरं वाटतं, दोन तासांनी नवी शंका: मी त्यांना सगळं नीट सांगितलं होतं का? मग दुसरे मौलाना, मग यूट्यूबवरचे तिसरे, मध्ये आईला दहादा विचारणं. धुण्याची जागा विचारण्यानं घेतली, वाय-बॉक्सचा (ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा होता तिथेच.

आणि हे दार एकदा उघडलं की मागून काय काय येतं? तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. दर्ग्यानं बरं व्हावं म्हणून आणलेली माणसं होती ती. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कायदा ज्यांच्या खुनानंतर आला ते डॉ. दाभोलकर पुण्यातच मारले गेले. या शहरात तरी सीमारेषा पुसट करू नका. शिवाय मार खाणाऱ्या बाईला "सब्र कर" (सहन कर) सांगणारे घरात कमी असतात का, की आता समुपदेशकानंही आयत (कुराणातलं वचन) ऐकवावी?

तालिब-ए-इल्म, कॅम्प
माझा विरोध उलट्या बाजूनं आहे. थेरपिस्टनं आयतीला तंत्र म्हणून वापरू नये.

एक तर मसलक (धर्मशास्त्राचा पंथ) न विचारता सल्ला देणं. पुण्यात कोकणी कुटुंबं बहुतेक शाफई, दख्खनी बहुतेक हनफी. रक्त वाहिलं तर हनफी मतात वजू तुटतो, शाफईत नाही. बायकोच्या हाताला हात लागला तर शाफईत तुटतो, हनफीत नाही. "इस्लाममध्ये असं आहे" असं मोघम बोललात तर रुग्ण घरी जाऊन विचारणार, उत्तर वेगळं मिळणार, आणि तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपला.

दुसरं, अल्लाहबद्दल घाणेरडे विचार येणाऱ्याला एक्स्पोजर म्हणून तो विचार वहीत वीस वेळा लिहायला लावतात. हे कुठलाही आलिम (धर्मविद्वान) मान्य करणार नाही. त्याची गरजही नाही. सहाबांनी (पैगंबरांच्या सोबत्यांनी) अशाच विचारांची तक्रार केली तेव्हा पैगंबरांनी "हे तर स्पष्ट इमान (श्रद्धा) आहे" म्हटल्याची हदीस सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. विचार येऊ द्यावा, तिलावत (कुराणपठण) चालू ठेवावी, इमान गेलं या भीतीनं पुन्हा पुन्हा कलमा (श्रद्धेची कबुली) पढू नये. एक्स्पोजर एवढ्यानंही होतं.

आणि हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलं असं कुणी समजू नये. मुस्लिम विद्वान अबू झैद बल्खी (निधन 934) यांनी राग, भीती, दुःख आणि वस्वसा (मनात घुसून छळणारे विचार) वेगवेगळे मांडले, आणि कारण असलेलं दुःख व कारण न सापडणारं दुःख यांतही फरक केला.

कोंढवा समुपदेशन
मसलकचं बरोबर, तो पहिल्याच भेटीत विचारून फॉर्मवर लिहावा.

विवेकनिष्ठ, खात्री मागण्याचा धोका खरा आहे. म्हणून परवानगी एकदाच घ्यायची, रुग्णाच्याच मसलकच्या एका आलिमाकडून, लेखी, तारखेसह. "शंका आली तरी परत धुवू नका" एवढंच त्यावर असावं. एकेका प्रसंगाचा फतवा त्यात आला तर चिठ्ठीच नवी सवय बनते. ती समुपदेशकाच्या फायलीत राहते, रुग्णाच्या खिशात नाही. घरच्यांनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचं: "याचं उत्तर मी देणार नाही असं ठरलंय."

तुमची विचारसरणी ज्यांची, ते आरईबीटीचे (विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे) जनक अल्बर्ट एलिस कडव्या धार्मिकतेला एके काळी मानसिक बिघाड म्हणत. 2001 साली धार्मिक रुग्णांसाठी आरईबीटी कशी वापरावी यावरच्या पुस्तकाचे ते सहलेखक होते. एरवाडीचं उत्तरही दार बंद करणं नाही. गुजरातेत उणाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमात मुजावर (दर्ग्याचे सेवक) रुग्णाला आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवतात.

मनोविकारतज्ज्ञ
तुम्ही सगळे ओसीडीवर अडलात, रमजानबद्दल कुणी बोललं नाही. लिथियम (मूड टोकाला जाणाऱ्या बायपोलर आजारावरचं औषध) घेणाऱ्याचा रोजा ही खरी जोखीम. पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात साचतं. हात जोरात थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. रोजे ठेवायचेच असतील तर महिनाभर आधी भेटा. रक्तातली पातळी आणि किडनीची तपासणी आधी, रोजे सुरू झाल्यावर आठवड्यानं पुन्हा पातळी. नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचा, नाहीतर आकडा फसवतो. गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नका.

बायपोलरमध्ये झोपेचं नुकसान जास्त घातक. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) उशिरा, सहेरी पहाटे, मध्ये जेमतेम चार तास झोप; मॅनियाला (अतिउत्साहाच्या झटक्याला) एवढं पुरतं. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, सूरह बकरा, आयत 184. पण हे डॉक्टरनं ऐकवलं तर रुग्ण मनावर घेईलच असं नाही, इमामांनी सांगितलं तर घेतो. तिथे मला इमाम हवेतच.

विवेकनिष्ठ, सदाशिव पेठ
लेखी चिठ्ठी आणि रमजानचं वेळापत्रक मान्य. सब्रचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

कोंढवा समुपदेशन
पहिली पंधरा मिनिटं बाई एकटी, नवरा-सासू बाहेर. प्रश्न थेट: कुणी हात उगारतं का, घरी जायची भीती वाटते का, मरावंसं वाटतं का. 'होय' आलं तर त्या भेटीत धर्माचा शब्द नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, महिलांसाठीची 181 हेल्पलाइन, मरण्याचे विचार असतील तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416, आणि रात्री कुठे राहणार ते ठरवूनच भेट संपवायची.

विवेकनिष्ठ, सदाशिव पेठ
सासूला बाहेर बसवलं की पुढच्या वेळी ते सुनेला आणतच नाहीत. त्याचं काय?

कोंढवा समुपदेशन
म्हणून हा नियम फोनवर वेळ देतानाच सांगायचा, आणि पुरुष रुग्णालाही लावायचा. तिच्यासाठीच वेगळं काही चाललंय असं घरच्यांना वाटता कामा नये. तरीही काही घरं परत येत नाहीत, म्हणून 181 पहिल्याच भेटीत तिला पाठ करून घ्यायचा. कागदावर देऊ नये, तो घरी सापडतो.