‘काय निघालं जी?’ : एमआरआय टेक्निशियननं पेशंटला काही सांगावं का?

कन्सोलसमोरचा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खाजगी सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. आठ वर्षं झाली. मशीन १.५ टेस्लाचं, टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फोटो वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, बसत नाहीत. फोटो नेटवरून नागपूरला जातात आणि रिपोर्ट बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे माणसाच्या मणक्यात, डोक्यात काय आहे ते सगळ्यात आधी मी बघतो, आणि त्यावर एक शब्द बोलायची मला परवानगी नाही.

माझं मत आधीच सांगतो. काही पेशंटच्या बाबतीत हे गप्प बसणं चूक आहे. हे मत कुठून आलं ते वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास चाळिशीतली एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून आली. चिठ्ठीवर एवढंच : ‘एमआरआय एल एस स्पाइन, कंबरदुखी’, म्हणजे कमरेच्या मणक्याचा स्कॅन. आत घ्यायच्या आधी अंगावरचा सगळा धातू उतरवावा लागतो, कारण स्कॅन सुरू असो नसो, आमचं चुंबक चोवीस तास चालूच असतं. त्याची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. बांगडीत अडकवलेल्या पिना, केसातले आकडे, जोडवी, करदोड्यातला ताईत, चुन्याची डबी, सगळं काढून ट्रेमध्ये. मंगळसूत्राला मात्र पुष्कळ बाया हात लावू देत नाहीत. म्हणून मी ड्रॉवरमध्ये हळदीनं पिवळा केलेला दोरा ठेवतो. आधी तो गळ्यात बांधायचा, मग मंगळसूत्र काढायचं. तिनंही तसंच केलं. मग मी सगळ्यांना सांगतो तसं तिला बाथरूमला जाऊन यायला सांगितलं. दहा मिनिटांनी ती तशीच परत आली. म्हणाली, “होऊनच नाही राहिली भाऊ, सकाळपासून. अन् बसलं तं खाली काही समजतच नाही.”

वीस मिनिटांत स्कॅन झाला. एका स्कॅनमध्ये फोटोंचे वेगवेगळे संच घेतात, त्यांना सिक्वेन्स म्हणतात. त्यातल्या टी-टू सिक्वेन्समध्ये मणक्यातलं पाणी पांढरं दिसतं, वरून खालपर्यंत सलग रेघ. तिची रेघ कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी तुटली होती. दोन मणक्यांमधली गादी इतकी मागं आली होती की लघवीचा ताबा ठेवणाऱ्या नसांना जागाच उरली नव्हती. एवढ्या कमरा पाहिल्यावर ते मला कळत नाही असं कोणी म्हणू नये.

नवरा दारातच उभा होता. “काय निघालं जी?”

मी म्हणालो, “रिपोर्ट उद्या दुपारी मिळेल.”

साडेसहाच्या एसटीनं ते गावी गेले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नेला, डॉक्टरांना दाखवला, आणि ऑपरेशन व्हायला तिसरा दिवस उजाडला. पायात बऱ्यापैकी जोर आला. लघवीचा ताबा आला नाही. ती बाई आता लघवीच्या नळीवर आहे. तो माणूस बाजाराच्या दिवशी मला दिसतो आणि रामराम करतो. मी त्याला काय केलं हे त्याला माहीतच नाही.

त्यानंतर अशा दोन पेशंटना मी स्पष्ट सांगितलं, “हे उद्यावर ढकलू नका, आत्ताच मोठ्या दवाखान्यात जा.” दुसऱ्या वेळी सेंटरनं मला लेखी ताकीद दिली. मला ती मान्य नाही.

नागपूरचा रेडिओलॉजिस्ट

वाचून वाईट वाटलं. तरीही तुमच्या विरोधात लिहितो आहे, कारण मी दुसरी बाजू पाहिली आहे.

फिटचा झटका आलेला एक अठरा वर्षांचा मुलगा. तालुक्याच्या सेंटरवर मेंदूचा स्कॅन झाला. टेक्निशियन चांगला होता, अनुभवी होता, मनानं प्रेमळ होता. आईनं विचारल्यावर त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, “गाठ दिसते मावशी.” आमच्या भागात गाठ म्हणजे कॅन्सर, दुसरा अर्थच नाही. रिपोर्टसाठीही ते थांबले नाहीत. पोराला घेऊन घरी गेले, मग बाहेरचं बघणाऱ्याकडे. महिन्याभरानं झटके वाढल्यावर तो माझ्यासमोर आला. ती पट्टकृमीची अळी होती. गोळ्यांनी बरी होणारी गोष्ट. त्या टेक्निशियननं पाहिलं ते खोटं नव्हतं, गोल कडा असलेली गाठ तिथं होतीच. पण अशी गाठ अळीची असते, क्षयाची असते, कधी ट्यूमरचीही असते. फरक करायला बाकीच्या सिक्वेन्स, कॉन्ट्रास्ट (फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध), पेशंटचं वय, सगळं एकत्र लावावं लागतं. आणि तेवढं करूनही आम्ही कधी कधी चुकतो.

मणक्यातला हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, घ्या. टी-वन सिक्वेन्समध्ये पांढरा, टी-टूमध्ये पांढरा, बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. हे एका घरात ‘मणक्यात काहीतरी आहे’ म्हणून पोचलं तर पुढं काय होतं ते मला सांगायला नको.

आणि तुमच्या त्या बाईबद्दल कठोर बोलतो, माफ करा. तुमची चूक नवऱ्याला न सांगण्यात नव्हती. तुम्ही रेडिओलॉजिस्टला फोन केला नाहीत, तिथं चूक झाली. लघवी अडलेली आणि खाली बधिरपणा, एवढं मला कळलं असतं तर मी हातातला रिपोर्ट बाजूला ठेवून तो फोटो उघडला असता.

कन्सोलसमोरचा

डॉक्टर साहेब, फोन कोणाला करायचा? आमचे फोटो एका यादीत जाऊन पडतात. त्या दिवशी कोण बघतंय हे मला ठाऊक नसतं. नंबर दिलेला नाही, ॲपवर फक्त ‘रुटीन’ आणि ‘अर्जंट’ असे दोन पर्याय. चिठ्ठीवर डॉक्टरांनी अर्जंट लिहिलं नसेल तर तो दाबायचा अधिकार सेंटर मला देत नाही, कारण अर्जंट रिपोर्टचे पैसे जास्त लागतात. लघवीचं चिठ्ठीवर नव्हतंच. ते फक्त मला माहीत होतं, कारण मी तिला बाथरूम दाखवलं.

वेणेकाठची

मी पेशंटची मुलगी म्हणून लिहिते. आमच्या बाबांच्या वेळी टेक्निशियन दादांनी उलटं केलं. बाबा आत खूप घाबरले होते, तो ठकठक आवाज, कानात बोळे, हातात दाबायचा रबरी गोळा. दोनदा दाबला त्यांनी. त्या दादांनी आत जाऊन त्यांचा हात धरला, धीर दिला, म्हणून तर स्कॅन पूर्ण झाला. त्यासाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही. पण बाहेर आल्यावर बाबांच्या समाधानासाठी म्हणाले, “काका, काही विशेष नाही, टेन्शन घेऊ नका.”

रिपोर्टमध्ये विशेष होतं. आणि पुढचे आठ दिवस बाबा कोणाचंच ऐकेनात. “मशीन चालवणारा सोता म्हणाला काही नाही म्हणून. ह्या डॉक्टरांले पैसे पायजे.” बाबांना त्या पोराचा शब्द रिपोर्टपेक्षा मोठा वाटला, कारण हात त्यानं धरला होता.

म्हणून मला वाटतं, वाईट सांगणं बंद करायचं असेल तर चांगलं सांगणंही बंद करा. तुमचा शब्द आमच्याकडे किती जड असतो याची तुम्हा लोकांना कल्पना नाही.

जुना टेक्निशियन, अकोला

सव्वीस वर्षं क्ष-किरण, सीटी, एमआरआय केलं. कन्सोलसमोरचा, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही धोक्याच्या वाटेवर आहात. निदान सांगणं हे डॉक्टरकीचं काम आणि नोंदणी नसताना ते करू नये यासाठी महाराष्ट्रात १९६१ पासून कायदा आहे. ज्या दिवशी तुमचं चुकेल त्या दिवशी सेंटर हात वर करेल. दवाखान्यात मारहाण होऊ नये म्हणून २०१० चा कायदा आहे म्हणतात, आहेच, पण रात्री नऊ वाजता गेटवर वीस माणसं जमली की कायदा कपाटात असतो.

आपलं काम दुसरं आहे आणि ते छोटं नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि जिवानिशी गेला. त्या दारावर उभं राहणं हे आपलं काम. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, वेल्डिंग करताना डोळ्यात कण गेला होता का, कॉन्ट्रास्ट द्यायचा तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पाहिली का. मे महिन्यात बाहेर ४६ अंश असताना मशीन थंड ठेवणारा चिलर बंद पडला तर चुंबक गार ठेवणारं हेलियम सांभाळणं. पेशंट हलला तर सिक्वेन्स पुन्हा घेणं, कंटाळा न करता. यात कसूर झाली तर नागपूरचा डॉक्टर कितीही हुशार असू द्या, त्याला फोटोच खराब मिळणार. आपण हे नीट करावं आणि तोंड बंद ठेवावं. मी ठेवलं.

कन्सोलसमोरचा

काका, दाराची राखण मीही करतो, त्यात मागं नाही. पण पेसमेकर आहे का हे विचारायची जबाबदारी माझी, आणि ‘लघवी होत नाही’ हे उत्तर कानावर पडलं तर ते माझं नाही, हे मला पटत नाही. सव्वीस वर्षांत तुमच्या समोरून असं कोणी एसटीला गेलं नाही का?

जुना टेक्निशियन, अकोला

गेले. दोन आठवतात. नावं-गावंही आठवतात.

एमओ, गडचिरोलीकडचा

ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. मी कन्सोलसमोरच्याच्या बाजूनं, पण थोडा वेगळा.

आमच्याकडे सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, फार. बावीस वर्षांचा मुलगा खुब्याच्या दुखण्यानं यायचा. एक्स-रे स्वच्छ. दुखणं सिकलसेलचंच म्हणून गोळ्या सुरू. शेवटी एमआरआयला पाठवला, शंभराहून जास्त किलोमीटर, दोन गाड्या बदलून. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरायला लागतं. एक्स-रेला हे उशिरा दिसतं, एमआरआयला लवकर. तिथल्या टेक्निशियन ताईंनी चिठ्ठीवरचा माझा नंबर पाहून मला फोन केला : “सर, मी निदान सांगत नाही. पण दुसरी बाजूही बघायची आहे का? त्याला तिकडंही दुखतं म्हणतो.” मी फक्त उजवा खुबा लिहिला होता. दोन्ही बाजू झाल्या आणि डावीकडं नुकतीच सुरुवात सापडली. ताईंनी पोराला एक शब्द सांगितला नाही. तो माडिया ही आदिवासी भाषा बोलणारा, मराठी अर्धीच कळणारी. तरी त्यांनी हातानं दाखवून विचारलं होतं, कुठं कुठं दुखतं.

मग तोंड बंद ठेवायचं म्हणजे कोणासमोर? पेशंटसमोर एक वेळ ठीक. पाठवणाऱ्या डॉक्टरसमोर कशाला? आणि आम्हा डॉक्टरांनाही सांगतो, चिठ्ठीवर ‘कंबरदुखी’ एवढंच खरडून पाठवणं बंद करा. लक्षणं लिहा, मोबाइल नंबर लिहा. त्या बाईच्या बाबतीत पहिली चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची आहे, हे इथं अजून कोणी म्हटलं नाही.

नागपूरचा रेडिओलॉजिस्ट

चिठ्ठीबद्दल शंभर टक्के सहमत. रोज मला अशाच चिठ्ठ्या येतात.

ब्रिटनमध्ये वेगळं शिक्षण घेतलेले रेडिओग्राफर एक्स-रेचे रिपोर्ट लिहितात. आपल्याकडे २०२१ मध्ये तुमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. उद्या तशी पायरी इथंही येवो, मी विरोध करणार नाही. पण ती शिक्षणातून आणि जबाबदारीतून यावी, दारात उभ्या माणसाची दया येऊन नव्हे. दयेपोटीच त्या आईला ‘गाठ’ सांगितली गेली होती.

कन्सोलसमोरचा

‘गाठ’ मी सांगणार नाही. तुमचा तो मुलगा वाचून ते मला पटलं. आणि वेणेकाठच्या ताई, ‘काही विशेष नाही’ हे मी आजवर किती जणांना म्हणालो असेन, काल रात्री तेच आठवत बसलो. तेही बंद.

पण रात्र आहे, डॉक्टर फोन उचलत नाहीत, शेवटची एसटी निघायला पंधरा मिनिटं आहेत, आणि बाई लघवी अडलेली आहे. तेव्हा मी “आत्ता जा” म्हणणार. ताकीद दुसरी येऊ द्या, तिसरी येऊ द्या.

नागपूरचा रेडिओलॉजिस्ट

माझा नंबर तुम्हाला वेगळा पाठवतो. तुमच्या सेंटरचे फोटो माझ्याकडे येत नसले तरी चालेल, रात्री दोनला करा. पण एक सांगा. तुम्ही “आत्ता जा” म्हणालात की नवरा लगेच विचारणार, “काहून? फोटोत काय दिसलं?” तेव्हा काय म्हणाल?

कन्सोलसमोरचा

म्हणेन, “सकाळपासून लघवी नाही झाली ना त्यांची, म्हणून.” ते त्यालाही माहीत आहे. त्याला फोटो लागत नाही.

नागपूरचा रेडिओलॉजिस्ट

हे चालेल. हे मीही म्हणालो असतो.