मदत हवी आहे: पावसाळ्यात कॅमेरा नेमका ठेवायचा कुठे? (आणि काही फुटकळ शंका)

नमस्कार मंडळी,

राहायला चिपळूणला, फोटो हौसेपुरते काढते. सामान फार नाही. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आणि तीन लेन्स: त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी, एक ५५-२५० मिमी आणि एफ १.८ ची ५० मिमी. शेवटची सगळ्यात लाडकी.

जून ते सप्टेंबर आमच्या घरात काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. चपलांवर पांढरी बुरशी, कपाटातल्या साड्यांना कुबट वास, मिठाचं पाणी, काडेपेटी उजळेल तर शपथ. अशा हवेत कॅमेरा ठेवायचा कुठे, हा मुख्य प्रश्न. सध्या तो त्याच्या फोमच्या बॅगेत असतो, बॅग लोखंडी कपाटात, आणि बॅगेत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या. या पुड्या अजून काही शोषतात की नुसत्या मनाच्या समाधानाला आहेत, हे कळायला मार्ग नाही.

घरात मतं भरपूर. सासूबाई म्हणतात तांदळाच्या डब्यात ठेव. सासरे म्हणतात पूर्वी कपाटात १५ वॉटचा दिवा लावून ठेवायचे, कागदपत्रं आणि कपडे दोन्ही कोरडे राहायचे. नवऱ्याचं मत ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) घ्यावं, पण लगेच पुढचं वाक्य असतं, 'तसा पावसात लाइट कुठे टिकतो!' आणि माझं मत असं की त्या पैशांत थोडी भर घातली तर ३५ मिमीची लेन्स येते, तिच्यात जास्त दृश्य मावतं. घरात ५० ने फोटो काढताना मागे सरकत सरकत मी शेवटी न्हाणीघरात पोचते. तर कॅबिनेट की लेन्स? दोन्ही घ्या असं कृपया लिहू नका, तेवढं बजेट असतं तर धागा काढला नसता.

आता फुटकळ शंका. हसलात तरी चालेल, पण उत्तरं द्या.

एक, ५५-२५० वर यूव्ही फिल्टर आहे, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच. दुकानदाराने लेन्ससोबत गळ्यात मारला होता. तो आता इतका घट्ट बसलाय की निघत नाही. काढू कसा? आणि निघालाच तर परत लावू का?

दोन, लेन्सचं टोपण फोटो काढताना ठेवता कुठे? पुरुष मंडळींनी 'खिशात' असं उत्तर देऊ नये. पंजाबी ड्रेसला खिसा नसतो आणि ज्याला असतो त्यात रुपयाचं नाणंसुद्धा आडवं होत नाही.

तीन, कुंभार्ली घाटात धबधब्यापाशी गाडीतून उतरलं की लेन्सची काच धुरकट होते, पुसली की परत होते. तोवर धुकं निघून गेलेलं असतं. यावर काय करता?

चार, कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत. त्या चालतात ना?

प्रतिसाद

टोपण मी दातात धरतो. सल्ला म्हणून घेऊ नये.

प्रतिसाद

चौथ्याचं उत्तर आधी: डांबरगोळ्या आजच बाहेर काढा. ती वाफ कोरडेपणा आणत नाही, फक्त कसर पळवते, आणि काही प्लॅस्टिकं तिने मऊ पडतात. कॅमेरा आणि डांबरगोळी एका कपाटात नको.

प्रतिसाद

ताई, मुख्य प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात लोक पैसे चुकीच्या जागी घालतात.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या लेन्समध्येही आत्ता असतील. त्यांना हाकलता येत नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की वाढ सुरू होते, म्हणून ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचं. ३० च्या खाली नेण्याचा हट्ट नको, रबर आणि वंगणाला तेही मानवत नाही. हे आकडे बघायला एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, अगदी स्वस्तात मिळतो. तो नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे.

आता हिशेब. २८ अंशांना ८५ टक्के दमट हवेत घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे २० लिटरच्या हवाबंद डब्यातल्या हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम. अर्धा! पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेलला (तुमच्या पुड्यांतले पाणी शोषणारे दाणे) ते काहीच नाही. मग लोकांचं सिलिका जेल आठवड्यात का भरतं? कारण ते हवेतलं पाणी शोषत नाही, बॅगेतलं शोषत असतं. फोम, कापडी अस्तर, पट्टा, ते पुसायचं फडकं, हे सगळं जुलैत सादळलेल्या पापडासारखं ओलसर असतं आणि डब्यात गेल्यावर ते पाणी हळूहळू सोडत राहतं. कॅमेरा बॅगेसकट डब्यात ठेवणं म्हणजे डब्यात पाणी भरून वर जेल टाकणं.

म्हणून उपाय साधा आहे. बॅग बाहेर, पट्टा काढून बाहेर, लेदरचं कव्हर असेल तर तेही बाहेर. कॅमेरा आणि लेन्स नुसत्याच, झाकणाला रबरी कड असलेल्या डब्यात. सोबत रंग बदलणारं नारिंगी सिलिका जेल, ते ओलं झालं की हिरवं पडतं. निळं घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, आणि हे दाणे तापवून परत वापरायचे असल्यामुळे ते स्वयंपाकघरात येणारच. तापवायला ओव्हन असेल तर १२० अंशांवर दाणे पसरून तास-दोन तास, अन्नाच्या भांड्यात नाही. बुटांच्या पुड्या आता फेका. त्या पहिल्याच पावसात भरल्या असणार.

तांदळाबद्दल: तांदूळ पाणी शोषतो, पण फार कमी, आणि त्याची बारीक पूड झूमच्या फटीत जाते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तांदूळ भाताला ठेवा.

तर माझं उत्तर: डबा, जेल, मापक, आणि उरलेल्या पैशांत ३५ मिमी. तीन लेन्सना कॅबिनेट लागत नाही.

प्रतिसाद

वरच्यांशी बराचसा सहमत, पण सासऱ्यांच्या दिव्याला कोणी वालीच नाही का? फिल्मच्या काळात अर्ध्या कोकणाने कॅमेरे असेच सांभाळले. दिवा पाणी काढत नाही, हवा गरम करतो, आणि गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३४ अंशांवर नेली की तीच हवा ६० टक्क्यांच्या आसपास येते.

पण इथेच अडचण आहे. साठावर तुम्ही उंबरठ्यावर उभे असता. त्याखाली यायचं तर कपाट आणखी तापवावं लागेल, लाइट गेले की तासाभरात सगळं मूळपदावर. शिवाय एलईडी लावून हे होत नाही, त्यासाठी उष्णता देणारा जुना पिवळा दिवाच हवा, आणि कपड्यांच्या कपाटात तो रात्रंदिवस लावून ठेवणं मला तरी नको वाटतं.

कॅबिनेटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नवऱ्याला सांगा. शोषक दाण्यांवर चालणारं कॅबिनेट असेल तर लाइट गेल्यावर दार बंद ठेवलं की आतला कोरडेपणा बराच वेळ टिकतो. तेव्हा लाइट जातात हे कॅबिनेट न घ्यायचं कारण नाही. न घ्यायचं कारण एकच, तुमच्याकडे तेवढं सामान नाही.

प्रतिसाद

घाटातल्या धुरकट काचेला एसी जबाबदार आहे. २८ अंश आणि ८५ टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी जमायला लागतं ते, २५ अंशांच्या थोडा वर येतो. गाडीत २२ वर गार झालेली काच बाहेर काढली की त्यावर पाणी जमणारच, आणि कितीही पुसा, काच गरम होईपर्यंत परत जमणार. घाट चढायला लागला की एसी बंद करून खिडक्या उघडा. घरचे कुरकुरले तर कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करून मग बाहेर न्या, पाणी पिशवीवर जमेल. वीस-पंचवीस मिनिटांनी उघडा. तोवर वडापाव. आणि त्या वेळात लेन्स अजिबात बदलू नका, नाहीतर तीच दमट हवा आत गार सेन्सरपर्यंत जाईल.

प्रतिसाद

फिल्टरसाठी: जोर लावताना आपण नकळत कडा चिमटीत दाबतो, त्याने रिंग किंचित लंबगोल होते आणि आणखी अडकते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, किंवा फिल्टरच्या कडेला रुंद रबरबँड गुंडाळा, आणि पूर्ण घेराला सारखा, हलका दाब देऊन फिरवा. तरी नाही निघाला तर रबरी माउसपॅडवर लेन्स पालथी ठेवून तळहाताने हलकेच दाबून फिरवा. तेलाचा थेंबबिंब सोडू नका, तो आत उतरतो.

परत लावू का म्हणाल तर मी लावत नाही. फिल्मला अतिनील किरणांचा त्रास व्हायचा, डिजिटल सेन्सरच्या पुढे ते अडवणारी काच असतेच. उरतो संरक्षणाचा मुद्दा. साध्या, कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून ८. दिवसा कळत नाही. दिवाळीत पणत्यांचा फोटो काढा, प्रत्येक ज्योतीची एक फिकट हिरवी जुळी बहीण फोटोत दुसरीकडे उगवलेली दिसेल. समुद्रावर वारा आणि वाळू असेल तेव्हा लावावा, तोही चांगल्या कोटिंगचा. एरवी हूड (लेन्सच्या पुढे बसणारी गोल कड) लावा, धडकेचा मारही तोच झेलतो.

प्रतिसाद

असहमत. माझ्या हातून कॅमेरा सतत कुठे ना कुठे आपटतो, आणि घरात दीड वर्षाचं मूल आहे ज्याची बोटं कायम गुळाची असतात. फिल्टर पुसायला भीती वाटत नाही, लेन्स पुसायला वाटते. पणत्यांच्या वेळी काढून ठेवतो, संपला विषय.

प्रतिसाद

टोपणावर बाईमाणसाकडून उत्तर घ्या. बाजारात दोरीवालं टोपण मिळतं, ते घेऊ नका. वाऱ्यात फडफडतं, ट्रायपॉडवर असताना कॅमेरा हलवतं, आणि नेमकं फ्रेममध्ये डोकावतं. मी शिंप्याकडून ओढणीच्या आतल्या बाजूला टोकाशी छोटा कप्पा शिवून घेतला, पण वजनाने ओढणी एका बाजूला लोंबते. शेवटी कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाच वेल्क्रोची चपटी थैली लावली. टोपण जातं, एक जादा कार्डही राहतं. बाहेर असताना हूड लावून टोपण घरीच ठेवायचं हाही मार्ग आहे, फक्त एसटीत बसण्याआधी लावायला हवं ना, मग ते शोधायला परत घरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रबरी मोज्यांनी फिल्टर निघाला! सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या बरणीचं झाकण मी असंच काढते, मला विचारायचंस.

डबा आणला, नारिंगी जेल आणलं, मापक आणला. बॅग बाहेर काढल्यावर आतलं अस्तर नाकाला लावून पाहिलं, पापडाची उपमा देणाऱ्यांना शंभर गुण. आता दोन नव्या शंका. मापक डब्यात ५२ दाखवतोय, तो खरं बोलतोय हे कशावरून? आणि लेन्समध्ये बुरशी आधीच आहे का ते घरी कसं बघायचं?

प्रतिसाद

बुरशीसाठी: लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, ती प्रत्येक लेन्समध्ये असते, तिला विसरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले तंतू दिसले तर बुरशी. कडेला एखादा तंतू असेल तर फोटोत काही दिसणार नाही, पण ती वाढताना जे आम्ल सोडते त्याने काचेवरचं कोटिंग कायमचं खरवडतं, म्हणून लवकर साफ करून घ्यावी. आतली असेल तर लेन्स उघडावी लागते, ते घरी नको. उन्हात ठेवा म्हणणारे भेटतील. काचेतून अतिनील फारसं आत पोचत नाही, उघडी लेन्स उन्हात ठेवली तर खिडकीचा पडदा मात्र पेटू शकतो. आणि चिपळूणात जुलैमध्ये ऊन आणणार कुठून?

मापकासाठी: बाटलीच्या बुचात मीठ घ्या, त्यात थेंबथेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतपत ओलं करा, विरघळू द्यायचं नाही. बूच आणि मापक दोन्ही एका लहान झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा, कॅमेरा लांब ठेवा. ओल्या मिठाभोवतीच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जो आकडा दाखवेल त्याचा ७५ शी फरक काढायचा.

धागाकर्ती

टॉर्च मारला. ५० आणि १८-५५ स्वच्छ, ५५-२५० मध्ये भरपूर धूळ पण तंतू नाहीत. मिठाच्या पिशवीत मापक ७१ दाखवतोय, म्हणजे चार कमी सांगतो, डब्यात खरे ५६ च्या आसपास असणार. अजून थोडं जेल वाढवते. ३५ मिमी कोणाकडे विकायला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण आधी टॉर्च मारलेला फोटो पाठवा.