‘गेटकीपिंग’साठी मराठी शब्द: मज्जाव, मिरासदारी की पंक्तिप्रपंच?

प्रश्न

छंदांविषयीच्या एका लेखाचे मराठीकरण करताना मी ‘गेटकीपिंग’ या शब्दापाशी अडले आहे. व्हिडिओ गेम सोप्या पातळीवर खेळणाऱ्याला ‘खरा गेमर’ न मानणे, किंवा आवडत्या पुस्तक-चित्रपटांतील पात्रांवर स्वतःच्या कथा, म्हणजे फॅनफिक्शन, लिहिणाऱ्या मुलीला लिहिणाऱ्यांत न धरणे, असा तेथील अर्थ आहे. ‘द्वारपाल’वरून ‘द्वारपालकी’ असा शब्द घडवता येईल, परंतु तो वाचून कोणाला काही बोध होईल असे वाटत नाही. कृपया रूढ शब्द सुचवावा.

पहिला प्रतिसाद

‘मज्जाव’ चालेल. ‘नवख्यांना मज्जाव करणे’ हा प्रयोग सर्वांना कळतो.

दुसरा प्रतिसाद

‘मज्जाव’ म्हणजे सरळ बंदी, आणि येथे बंदी कोणीच घालत नाही. गेम विकत घेण्यापासून किंवा कथा लिहिण्यापासून कोणी अडवलेले नसते. आक्षेप असतो तो स्वतःला गेमर किंवा लेखक म्हणवून घेण्याला. म्हणून मला ‘मिरासदारी’ जवळचा वाटतो. ‘मिरास’ म्हणजे वारसा. जुन्या जमीनव्यवस्थेत मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे, तर उपरी कुळाला तसा हक्क नसे. उपरी तीच माती कसत असे, पण गावात त्याला मिरासदाराचा मान नव्हता. ‘आम्ही वीस वर्षे खेळतो आहोत, तुम्ही काल आलात’ असे म्हणणारा माणूस नेमकी हीच वाटणी करत असतो.

तिसरा प्रतिसाद

‘मिरासदारी’ हक्काबद्दल नेमके सांगते. मात्र या वागण्यातील रोजचा डंख तिच्यातून पोचत नाही. त्यासाठी मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा फार चांगला शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना भेद करणे, हा त्याचा मूळ अर्थ. येथे दाराबाहेर कोणालाच ठेवलेले नसते. पान मांडलेले असते, माणूस बसलेलाही असतो, आणि त्याला कमी वाढले जाते. छंदांच्या जगात हेच घडते.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा बोलण्यातील ‘च’ या अव्ययाकडे अवश्य पाहावे. एक अवघड गेम अनेक आठवडे खेळून मी पूर्ण केला, तेव्हा मला पहिला प्रश्न आला तो ‘सोप्या पातळीवरच खेळलात ना?’ असा. ‘सोप्या पातळीवर खेळलात का?’ ही चौकशी आहे. त्यात एक ‘च’ आणि एक ‘ना’ घातला की तो निकाल होतो. ‘फॅनफिक्शनच लिहितेस ना?’, ‘नुसत्या कथाच वाचता ना?’ ही त्याच घडणीची वाक्ये आहेत. त्यांत एकही अपशब्द नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला तक्रारही करता येत नाही, आणि तरीही ती पुष्कळांचा हात लिहिता लिहिता थांबवतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

शब्दयोजनेने किती फरक पडतो, याचे एक उदाहरण गेमच्याच क्षेत्रातले आहे. ‘सेलेस्ट’ हा २०१८ मधील अतिशय अवघड गेम आहे. त्यात ‘असिस्ट मोड’ नावाची सोय असून, तिच्यामुळे खेळाचा वेग कमी करता येतो किंवा पात्राला इजाच होणार नाही असेही ठरवता येते. प्रारंभी या सोयीच्या सूचनेत, पहिल्या वेळी तिच्याशिवाय खेळावे अशी शिफारस होती. ज्यांना हाताच्या किंवा दृष्टीच्या अडचणीमुळे ही सोय आवश्यकच होती, त्यांना आपण खालच्या दर्जाचा खेळ खेळत आहोत असे त्यातून जाणवत असे. निर्मात्यांनी २०१९ मध्ये तो मजकूर बदलला. सोय तीच राहिली. पंक्तिप्रपंच तेवढा गेला.

प्रश्नकर्ती

‘पंक्तिप्रपंच’ पटला. आता दोन उपप्रश्न आहेत. अशा खेळणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ‘हौशी’ म्हणावे, तर तो शब्द कमीपणा दाखवणारा वाटतो. आणि नवख्यांसाठी ‘लिंबूटिंबू’ हा शब्द आपुलकीचा वाटेल का?

तिसरा प्रतिसाद

‘हौशी’ अवश्य वापरावा. ‘हौस’ मूळच्या अरबी शब्दावरून आली आहे. त्याच शब्दाच्या हिंदीतील ‘हवस’ या रूपाला वासनेचा वास आहे, पण मराठीने त्यातला गोडवा तेवढा ठेवला: हौसेने शिवलेले, हौसमौज, हौसेला मोल नाही. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ हाही लॅटिनमधील प्रेम करणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. म्हणजे दोन्ही शब्द कौशल्याविषयी मुळात काहीच सांगत नाहीत. काम कशासाठी केले एवढेच सांगतात. कमीपणा येतो तो आधी ‘नुसता’ जोडल्यामुळे. ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना तेथील नट कच्चे आहेत असे आपण सुचवत नाही.

जेथे ‘हौशी’सुद्धा नको असेल, तेथे ‘-णारा’ कामाला येतो. ‘लेखक’ ही पदवी आहे की काय असा वाद लोक घालतात, परंतु ‘लिहिणारी’ या शब्दावर वादच होऊ शकत नाही, कारण ती लिहिते. ‘गेमर’ऐवजी ‘गेम खेळणारे’ लिहिले, तर खरे कोण आणि खोटे कोण हा प्रश्न व्याकरणातच मिटतो.

‘लिंबूटिंबू’ मात्र टाळावा. शब्द लाडका आहे हे खरे. लहान भावंडाला रडू येऊ नये म्हणून त्याला खेळात घेतात, त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत, तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. चार वर्षांच्या मुलाबाबत ही माया आहे. पण तो खेळत असूनही खेळाडूंच्या मोजणीत नसतो, आणि नवख्या प्रौढ माणसाची तक्रार नेमकी तीच आहे. त्याच्यासाठी ‘नवशिका’ हा शब्द साधा आणि स्वच्छ आहे. आज नवशिका असलेला माणूस पुढे नवशिका राहत नाही, हेही त्यात गृहीत आहे.

दुसरा प्रतिसाद

‘मिरासदारी’ मागे घेतो. केवळ शुद्धलेखनाची एक नोंद: स्वतंत्र शब्द ‘पंक्ती’ दीर्घान्त लिहितात, परंतु तत्सम समासात पूर्वपद ऱ्हस्व राहते, म्हणून ‘पंक्तिप्रपंच’.