पुढचं मोठं यान युरेनसकडेच जायला हवं

उत्तररात्र

युरेनस म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतला हर्षल. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेल यांना तो दुर्बिणीतून सापडला, म्हणून ते नाव. तेव्हापासून आजवर त्याच्या जवळून फक्त एक यान गेलंय, तेही न थांबता. २४ जानेवारी १९८६ ला व्हॉयेजर २ त्याच्या ढगांपासून साधारण ८१,५०० किलोमीटरवरून गेलं आणि नेपच्यूनच्या वाटेला लागलं. अगदी जवळून बघायला मिळालं ते काही तास. त्याच्या चंद्रांची आणि चुंबकीय क्षेत्राची जी वर्णनं आपण वाचतो, ती बहुतेक त्या काही तासांच्या जोरावर लिहिलेली आहेत. चारच दिवसांनी चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात झाला आणि सगळ्या जगाचं लक्ष साहजिकच तिकडे गेलं. युरेनस मागे पडला तो पडलाच.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढची एकच मोठी, खर्चिक मोहीम काढता येणार असेल तर ती इथे जावी. अमेरिकेच्या ग्रहविज्ञानाच्या २०२२ च्या दशवार्षिक आढाव्यानेही मोठ्या मोहिमांत हिलाच पहिला क्रम दिलाय: एक यान ग्रहाभोवती फिरत राहील आणि दुसरं छोटं यान वातावरणात सोडलं जाईल.

या ग्रहाचा अक्ष जवळपास ९८ अंशांनी कललेला आहे. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे उभे फिरतात, हा कुशीवर झोपून सूर्याभोवती जातो. एक फेरी ८४ वर्षांची. म्हणजे ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि मग ४२ वर्षं काळोख. चुंबकीय क्षेत्र त्याहून विचित्र. ते अक्षापासून ५९ अंश कललेलं आहेच, शिवाय ग्रहाच्या केंद्रातूनही जात नाही. त्रिज्येच्या जवळजवळ एक तृतीयांशाने बाजूला सरकलेलं आहे. पृथ्वी, गुरू, शनी यांच्यावरून चुंबकीय क्षेत्राचं जे चित्र आपण मनात धरलं होतं, त्यात हे कुठेच बसत नाही.

आणि मिरांडा. व्यास जेमतेम ४७० किलोमीटर, इतका छोटा चंद्र. त्याचे फोटो सावकाश बघा. एकीकडे खड्ड्यांनी भरलेली जुनी, मळकट जमीन, आणि तिला खेटूनच बाणाच्या टोकासारखा वळलेला उजळ पट्टा. दोन वेगळ्या चंद्रांचे तुकडे जोडावेत तशी मधली रेघ. कडेला वेरोना रुपीस नावाचा कडा आहे, त्याची उंची २० किलोमीटरपर्यंत असावी असा अंदाज आहे. तिथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने साडेतीनशेहून जास्त पटींनी क्षीण. कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागायची, मग वेगामुळे फोटो फराटला असता. म्हणून फोटो काढताना अख्खं यानच हळूहळू वळवत ठेवलं होतं. तरीही आपल्याला फक्त अर्धा मिरांडा मिळाला. तेव्हा दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता आणि उत्तरेचा भाग काळोखात होता. पाचही मोठ्या चंद्रांची हीच कथा.

अर्धे चंद्र आणि काही तास. एका अख्ख्या ग्रहाबद्दल एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही.

पहाटचांदणी

तळमळ कळते, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. जवळ जाऊन आलो म्हणजे कळलं, असं तुम्ही धरून चालला आहात. शुक्राकडे कितीतरी यानं गेली, तरी त्याच्याबद्दलचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे आहे.

शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२. जवळपास सारखेच. दोघं एकाच काळात आणि जवळजवळ एकाच प्रकारच्या द्रव्यातून घडले. मग एकाच्या अंगावर समुद्र आणि दुसऱ्यावर ४६० अंशांच्या पुढचं तापमान, आपल्या ९० पटींहून जास्त दाब, गंधकाम्लाचे ढग, असं का? बुध सूर्याच्या कितीतरी जवळ, तरी शुक्र त्याच्याहून तापलेला. कारण ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली ती जाड हवा. तिथे एकेकाळी बरंच पाणी असावं, याचा पुरावा १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेने दिला: हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त. हलका हायड्रोजन निसटून गेला, जड मागे राहिला. पण ते पाणी समुद्र म्हणून साठलं होतं, की वाफ होतं ते वाफच राहिलं, यावर आजही एकमत नाही. मला यापेक्षा मोठा प्रश्न सूर्यमालेत दिसत नाही.

तुम्ही मिरांडाचा फोटो दाखवलात, मी शुक्रावर उतरलेल्या व्हेनेरा १३ या यानाचा दाखवते. १ मार्च १९८२. नारिंगी उजेड, तळाशी यानाच्या कड्याचे दाते, पुढे फरशीसारखे चपटे, तडकलेले दगड, त्यांच्या फटींत काळपट माती, आणि वरच्या कोपऱ्यात तिरपं दिसणारं क्षितिज. यान ४५७ अंशांत १२७ मिनिटं टिकलं. चार दिवसांनी व्हेनेरा १४ उतरलं. मातीचा कठीणपणा मोजायची त्याची दांडी खाली आली ती नेमकी कॅमेऱ्यावरून गळून पडलेल्या झाकणावर. मातीचं मोजमाप गेलं. १९८५ मध्ये व्हेगा २ उतरलं, आणि त्यानंतर शुक्राच्या जमिनीवर काम करणारं एकही यान उतरलेलं नाही. त्या जमिनीवर भूकंपमापक कधीच महिनाभर चाललेला नाही.

पोचायला चार-पाच महिने लागतात. युरेनसला बारा-तेरा वर्षं.

दुर्बीणवेडा

मी दोघांच्याही मध्ये. युरेनस महत्त्वाचा आहेच, पण १९८६ नंतर काहीच कळलं नाही हे चित्र बरोबर नाही. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने २०११ ते २०२२ त्याचे ध्रुवीय प्रकाश टिपले, त्यावरून २०२५ मध्ये दिवसाची लांबी नव्याने निघाली: १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद. व्हॉयेजरच्या आकड्याहून २८ सेकंद जास्त. त्याच वर्षी जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत जेमतेम १० किलोमीटरचा एक नवा चंद्र सापडला, आता एकूण २९. खुद्द युरेनसभोवतीची कडीसुद्धा १९७७ मध्ये यानाशिवायच सापडली होती. एका ताऱ्यासमोरून युरेनस सरकताना ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या आधी आणि नंतर क्षणभर पुन्हा पुन्हा मंदावला, विमानात बसवलेल्या दुर्बिणीने ते टिपलं. दुर्बिणींना वेळ द्या, बरंच काम इथूनच होईल.

उत्तररात्र

दुर्बीणवेडा, तुमची उदाहरणं मला माझ्याच बाजूची वाटतात. दिवसाची लांबी जवळजवळ ४० वर्षं चुकीची धरली गेली. चूक सेकंदांचीच, पण तीही साठत जाते. व्हॉयेजर गेल्यावर दोन-तीन वर्षांतच चुंबकीय ध्रुव नेमका कुठल्या रेखांशावर असेल हे सांगता येईनासं झालं होतं.

आतल्या उष्णतेचंही तेच. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो आणि युरेनस जवळपास काहीच नाही, असं आपण वाचत आलो. त्यावर सिद्धांत रचले गेले: मोठ्या टकरीत आतली ऊब निघून गेली, आतल्या थरांनी ती कोंडून धरली. २०२५ मध्ये आकडेमोड पुन्हा झाली आणि युरेनस घेतो त्याहून साधारण एक अष्टमांश जास्त उष्णता बाहेर टाकतो असं निघालं. म्हणजे कोडं होतं ते बऱ्याच अंशी अपुऱ्या मोजमापातून आलेलं.

आणखी एक. २०२४ मध्ये व्हॉयेजरची जुनी नोंद पुन्हा तपासली गेली. यान पोचायच्या थोडं आधी सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांचा, जोराचा झोत येऊन युरेनसचं चुंबकीय कवच दाबलं गेलं होतं. अशी अवस्था तिथे फार तर ४ टक्के वेळ असते. आपण पाहुणे म्हणून गेलो तो नेमका वादळाचा दिवस होता, आणि तेच त्याचं रोजचं रूप समजून बसलो.

वाळूघड्याळ

मग नेपच्यून का नको? तिथेही व्हॉयेजर २ एकदाच गेलं, २५ ऑगस्ट १९८९ ला. त्याच्या ट्रायटन या चंद्रावर कारंजी उडताना दिसली. वारे ताशी २,००० किलोमीटरच्या आसपास. माझ्या मते तो जास्त जिवंत ग्रह आहे.

उत्तररात्र

वाळूघड्याळ, ट्रायटन उलट्या दिशेने फिरतो, तो बाहेरून पकडलेला चंद्र आहे. तो आत येताना नेपच्यूनचे मूळचे चंद्र विस्कटले असावेत. युरेनसचे पाच मोठे चंद्र मात्र त्याच्याच भोवती घडलेले मानले जातात. अशा ग्रहाभोवती चंद्र कसे जन्मतात, हे बघायचं तर इथेच. आणि अंतर पाहा, नेपच्यून दीडपट लांब.

गणिती

धाग्यात एक मुद्दा राहून गेलाय. इतर ताऱ्यांभोवती आजवर सापडलेल्या ग्रहांत सर्वांत मोठा गट पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या आकाराचा आहे. आपल्या सूर्यमालेत त्या आकाराचा एकही नाही. त्यातल्या त्यात जवळचे नमुने युरेनस आणि नेपच्यून. युरेनस पृथ्वीच्या चौपट रुंद, साडेचौदापट जड. त्याच्या आत खडक किती, पाणी-अमोनिया-मिथेन किती, ते थर वेगवेगळे आहेत की एकमेकांत मिसळलेले, हे माहीत नसताना शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहांच्या पोटात काय आहे ते आपण सांगत सुटलो आहोत. वातावरणात शोधक यान सोडून हेलियम आणि इतर निष्क्रिय वायू मोजायलाच हवेत. ते दुर्बिणीने होत नाही.

युरेनसच्या बाजूने.

पहाटचांदणी

गणिती, नमुन्याचा मुद्दा मान्य. मग तोच शुक्राला लावा. दूरच्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा खडकाळ ग्रह सापडला की तो पृथ्वीसारखा की शुक्रासारखा, हा पहिला प्रश्न असतो. नुसत्या आकारावरून उत्तर मिळत नाही. जवळच दोन नमुने आहेत, एकावर आपण राहतो आणि दुसऱ्याच्या जमिनीवर १९८५ नंतर काम केलेलं नाही.

तिथे घडामोडी चालूही आहेत. मॅगेलन यानाचे १९९१ चे रडार फोटो जवळजवळ ३० वर्षं पडून होते. कोणीतरी फेब्रुवारीचा आणि ऑक्टोबरचा फोटो शेजारी ठेवून बघितला, तेव्हा दिसलं की माट मॉन्स या ज्वालामुखीवरचं एक तोंड आठ महिन्यांत क्षेत्रफळाने जवळपास दुप्पट झालंय. २०२३ मध्ये ते छापून आलं. ग्रह जिवंत होता, आपलं लक्ष नव्हतं. "मागे पडला तो पडलाच" हे तुमचे शब्द, उत्तररात्र, मला शुक्राबद्दलही तितकेच खरे वाटतात.

उत्तररात्र

पहाटचांदणी, माट मॉन्सचा मुद्दा मनाला लागला. शुक्राच्या जमिनीवर महिनाभर टिकणारा भूकंपमापक हवा, यावर माझा वाद नाहीच. आता सिलिकॉन कार्बाइडच्या चिपा शुक्रासारख्या उष्णतेत आणि दाबात ५२१ तास चालवून दाखवल्या आहेत, २१ दिवसांहून जास्त. १२७ मिनिटांपासून इथवर आलोय.

पण शुक्राच्या तीन मोहिमा मंजूर झाल्या: २०२१ मध्ये डाविंची, व्हेरिटास आणि एनव्हिजन निवडल्या गेल्या. युरेनसकडे निघालेलं काहीच नाही. माझा आग्रह रांगेबद्दल आहे.

पहाटचांदणी

त्या तिन्हींपैकी जमिनीवर राहून काम करण्यासाठी एकही नाही. डाविंचीचं शोधक यान तासाभरात हवेतून खाली येईल, जमिनीवर काही मिनिटं टिकलं तरी ती वरकमाई. व्हेरिटास आणि एनव्हिजन वरून रडारने बघणार. म्हणून तुमची रांग मला पटत नाही. आणि शुक्राच्या मोहिमेत आज आराखडा काढणारी माणसंच निकाल बघतील. युरेनसच्या मोहिमेत आराखडा काढणारे निवृत्त होऊन जातील.

गणिती

ते खरं आहे. पण शुक्राकडे जायची संधी साधारण दर १९ महिन्यांनी येते. ही चुकली तर पुढची. युरेनससाठी वाटेत गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का घेऊन वेग वाढवायचा तर २०३०-च्या दशकाची सुरुवात सोयीची. ती हुकली तर पुन्हा वर्षानुवर्षं थांबा.

उत्तररात्र

गणितींनी म्हटलं तेच मला सर्वांत जास्त छळतं. २००७ मध्ये युरेनसवर दिवस-रात्र समान झाले आणि तेव्हापासून उत्तर गोलार्ध उजेडात आलाय. पुढचा विषुवदिन २०५० च्या सुमारास. २०३०-च्या दशकाच्या सुरुवातीला यान निघालं तर २०४५ च्या आसपास पोचेल, आणि मिरांडाचा तो न पाहिलेला अर्धा भाग तेव्हा उन्हात असेल. पंधरा-वीस वर्षं उशीर झाला, तर उजेड पुन्हा दक्षिणेकडे सरकलेला असेल, आपण १९८६ मध्ये पाहिलेल्याच बाजूवर. मग उत्तरेचा ध्रुव उन्हात यायला २०९० चं दशक उजाडेल.

शुक्राचं यान दोन वर्षं उशिरा निघालं तर मला वाईट वाटेल, पहाटचांदणी. पण शुक्र तिथेच असेल, तसाच तापलेला, आणि आपण पोचू. इथे मात्र उजेडच निघून जातोय.

पहाटचांदणी

उजेडाचा हिशोब मी धरला नव्हता. यानाने निघायचं कधी यावर मी आता तुमच्या बाजूने. सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता, यावर नाही.